आठ वॅटचा बसून खाणारा

मित्रांनो, माझ्या पाठीवर दोन कान उभे आहेत. त्यातला डावा खिळखिळा झाला आहे. सकाळी कोणी सरळ केला तरी दुपारपर्यंत तो आडवा होतो. अंगाचा पांढरा रंग पिवळट पडला आहे. मी एक जुना राउटर आहे. घरातल्या फोनांना आणि टीव्हीला बाहेरच्या जगाशी जोडून देणं हे माझं काम होतं. आता ते काम माझ्याकडे राहिलेलं नाही, म्हणून माझी हकिगत सांगायला मला सवड आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका हिरव्या पट्टीवर मोहरीएवढे भाग चिकटवले गेले, वरून पांढरं कवच बसलं. शेवटी एका बाईने मला तारेला जोडलं. माझे दिवे लागले. तिने दिव्यांकडे पाहिलं, "चालतोय" म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. माझं कौतुक पुढेही बहुतेक वेळा एवढंच झालं. राउटर चालत असेल तर कोणी काही म्हणत नाही. बंद पडला की मात्र घरभर त्याच्या नावाने शंख होतो.

खोक्यात माझ्याबरोबर एक काळा ठोकळा होता. तो माझा अडॅप्टर. भिंतीतली वीज माझ्या पोटाला सोसत नाही. तो ती सौम्य करतो आणि मला भरवतो. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं : बारा व्होल्ट, दोन अँपिअर. या दोन आकड्यांनी पुढे माझ्यावर बालंट आणलं.

ज्या घरी मी आलो, तिथे तीन माणसं राहत. शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर, त्यांची बायको आणि त्यांची थोरली बहीण. बायकोला सगळी वसाहत वहिनी म्हणे. बहिणीला सगळे आक्का म्हणत. तिचं लग्न झालं नव्हतं. आई-वडील गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली आणि धुण्याच्या मोरीला लागून असलेल्या मागच्या खोलीत राहू लागली. त्या खोलीत एक ट्रंक, एक शिवणयंत्र आणि वरच्या अंगाला उघडणारी एक लहान खिडकी होती. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा पाइप दिसे.

सुरुवातीला मास्तरांनी मला घराच्या मधोमध, बोळातल्या फळीवर ठेवलं. तिथून मी सगळ्या खोल्यांत पोहोचत असे. मग मास्तर संध्याकाळी घरूनच शिकवण्या घेऊ लागले. एका पडद्यावर चाळीस चेहरे दिसत. त्यांनी मला उचललं आणि पुढच्या खोलीत, आपल्या टेबलाशेजारच्या कपाटावर बसवलं. माझ्या पाठीत एक हार्ड डिस्क खुपसली, तिच्यात सगळे तास साठवले जात. "हा आहे म्हणून माझा वर्ग आहे," असं ते एकदा मुलांना म्हणाले. मित्रांनो, त्या दिवशी माझे दिवे काही जास्त तेजाने लागले नाहीत, तशी सोयच नसते. पण मला बरं वाटलं.

पुढे मास्तर निवृत्त झाले. शिकवण्या थांबल्या. हार्ड डिस्क माझ्या पाठीत तशीच राहिली आणि कोणी न विचारता गरागरा फिरत बसली. वहिनींनी माझ्यापुढे काचेची फुलदाणी ठेवली, कारण माझं तोंड त्यांना बघवत नसे. माझ्या जाळीत धूळ बसली आणि मी तापू लागलो. ती धूळ फक्त आक्का काढी. रंगाचा जुना ब्रश घेऊन, दर आठवड्याला, डोळ्यातलं कुसळ काढावं तशी हळू.

आक्काचे काही नेम होते. पहाटे उठून प्रार्थना म्हटल्याखेरीज ती पाणी घेत नसे. कोणाला टाकून बोलत नसे. आणि खोटं बोलत नसे. तोंडाने नाही आणि लेखणीनेही नाही. घरातल्या माणसांना तिचे हे नेम पाठ होते. चांगल्या माणसाचे नेम पाठ झाले की त्याला कुठे धरायचं ते कळतं, हे मी त्याच घरात शिकलो.

घरातला स्वयंपाक, धुणं, इस्त्री, झाडलोट सगळं आक्का करी. तरी वहिनी बाहेरच्यांसमोर हसत म्हणत, "आमच्याकडे काय, बसून खाणारं माणूस आहे एक." आक्का त्या वेळी उभी असे. ती बसलेली मी फारशी पाहिलीच नाही.

आता तो दिवस सांगतो. वसाहतीच्या समितीने एक स्पर्धा काढली. जे घर सगळ्यात जास्त वीज वाचवेल, त्याच्या दारावर पितळी पाटी लागणार होती : 'आदर्श बचत घर'. मास्तरांना निवृत्तीनंतर कोणी कशाला बोलावलं नव्हतं. त्या पाटीच्या नुसत्या बातमीने ते ताठ झाले. त्यांनी घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली आणि वहीत उभ्या-आडव्या रेघा मारल्या. माझ्यापाशी आले, अडॅप्टर उलटा केला, भिंग लावून वाचलं.

"बारा गुणिले दोन, चोवीस," ते मोठ्याने म्हणाले. "चोवीस वॅट! आणि हा चालू किती तास? चोवीस! अगं, ऐकलंस का? चोर घरातच बसलाय."

वहिनी आतून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोळातून कपडे नेणाऱ्या आक्काकडे पाहिलं.

"म्हणजे बसून खाणारे दोन झाले म्हणायचे," त्या म्हणाल्या. "एक कपाटावर, एक मागच्या खोलीत."

मास्तर हसले. आक्कानेही हसल्यासारखं केलं, कारण हसली नाही तर "लागलं वाटतं तुम्हाला" हे ऐकावं लागे.

समितीने घरोघर वीज मोजायला वसाहतीच्या वायरमनला पाठवलं होतं. जाड मिशांचा, पायात रबरी बूट घातलेला माणूस. त्याच्याकडे प्लगमध्ये लावायचा एक छोटा मीटर होता. मास्तरांनी त्याला आधी माझ्यापाशीच आणलं. "याची चोवीस वॅट लिहा," म्हणाले.

वायरमनने मीटर भिंतीत लावला, त्यात माझा अडॅप्टर खोचला. आकडा आला आठ पूर्णांक दोन.

"तुमचा मीटर बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"मीटर बरा आहे, मास्तर. तुम्ही ठोकळ्याची पाठ वाचलीत. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, ते तिथे लिहितात. ताट केवढं आहे ते छापलंय. पोरगा जेवतो किती, ते ताटावर कुठून लिहिणार?"

तीस वर्षं त्यांनी फळ्यावर व्होल्ट आणि अँपिअरची गणितं सोडवली होती. आता रबरी बूट घातलेल्या माणसाने त्यांची चूक बायकोदेखत काढली होती.

वायरमन तेवढ्यावर थांबला नाही. तो भला होता आणि बोलका होता. "खरं म्हणाल तर वहिनींचा पाणी तापवायचा हिटर बघा. दोन हजार वॅट. सकाळी अर्धा तास चालतो, तेवढ्यात हा बिचारा पाच दिवस जगेल."

"हिटरचं सोडा," वहिनी म्हणाल्या. "माझी पाठ दुखते."

हिटरचं सोडून दिलं गेलं. मास्तरांच्या मोठ्या टीव्हीचंही सोडून दिलं गेलं. राहिलो मी. मास्तरांना आता चोवीसचा पराभव भरून काढायचा होता, आणि ज्याने चूक दाखवली त्यालाच त्यांनी विचारलं, "मग या आठाचे कमी किती होतील?"

मित्रांनो, वायरमनने त्या दिवशी जे सांगितलं, ते सगळं खरं होतं आणि तुमच्याही उपयोगाचं आहे. त्याने माझ्या पाठीतली हार्ड डिस्क काढली. आकडा सहा पूर्णांक चारवर आला. माझ्याकडून दोन तऱ्हेच्या लहरी निघत. एक जवळची, वेगवान. दुसरी जरा मंद, पण भिंती ओलांडणारी. वेगवान लहर घरात कोणाला लागत नव्हती, ती बंद केली. पाच पूर्णांक दोन. एक तार कोपऱ्यातल्या मेलेल्या संगणकाला अजून जोडलेली होती, ती उपटली. माझे दिवे विझवले. जुना अडॅप्टर हाताला गरम लागत होता, म्हणजे मला भरवता भरवता स्वतःच सांडत होता. त्याच्या जागी नवा आणला. चार पूर्णांक दोन.

खाण्याचं निम्मं झालं आणि माझं काम जराही अडलं नाही. मला हलकं वाटलं. इथे थांबले असते, तर ही हकिगत इथेच आनंदाने संपली असती.

"तीनने सुरू झालं पाहिजे," मास्तर म्हणाले. "चार वाईट दिसतं."

वायरमनने मान हलवली. "आता उरली लहरींची ताकद. ती तळाला नेली तर दोन-तीन दशांश सुटतील. पण पोच जाईल, मास्तर. मागच्या खोलीत काही दिसणार नाही."

"मागच्या खोलीत कोण बघतंय?"

वायरमनने बोळाकडे पाहिलं. तिथे आक्का फरशी पुसत होती. तो म्हणाला, "राहू द्या ना. तीन दशांशात काय आहे?" आणि आपली पेटी उचलून पुढच्या घरी गेला.

मास्तरांनी ती ताकद स्वतः तळाला नेली. तीन पूर्णांक नऊ. ते मागे सरकून त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांचं स्वतःचं काहीच अडणार नव्हतं. ते माझ्यापासून दोन हातांवर बसत. जवळच्याला थोडंही पुरतं. वहिनींच्या फोनात त्यांचं स्वतःचं सिम कार्ड होतं. आक्काकडे मास्तरांनी टाकून दिलेला फोन होता, त्यातली कार्डाची खाच तुटलेली. तो फक्त माझ्यावर चाले. म्हणजे माझी ताकद घरात एकाच माणसाला लागत होती.

त्यानंतर मास्तरांनी टायमर आणला आणि माझं वेळापत्रक केलं. शाळेत करत तसं, चौकटी आखून. संध्याकाळी पाच ते सात मी चालू. बाकी वेळ बंद. खाली टीप : 'जादा वेळ हवा असल्यास लेखी अर्ज करावा.'

"अर्ज कोण करणार?" आक्काने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा असावा, आक्का. म्हणून लिहून ठेवलंय."

आणि मित्रांनो, अर्ज करायची वेळ आक्कावरच आली.

झालं असं. आक्काने कधी काळी एका मुलीला शिवण शिकवलं होतं. ती मुलगी आता लांबच्या एका गावी मुलींच्या वसतिगृहात कामाला होती. तिचा निरोप पाच ते सातच्या वेळात, बोळात उभ्या असलेल्या आक्काच्या फोनवर आला. वसतिगृहात शिवण शिकवायला आणि रात्रंदिवस मुलींजवळ राहायला एक प्रौढ बाई हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. 'मावशी, खोलीला मोठी खिडकी आहे,' असं तिने मुद्दाम लिहिलं होतं. अधीक्षक बाई गुरुवारी अकरा वाजता व्हिडिओवर बोलणार होत्या. बारा जणी रांगेत होत्या आणि प्रत्येकीशी एकदाच बोलणार होत्या.

आक्काने तो निरोप चार वेळा उघडला. तो माझ्यातूनच आला होता, म्हणून मजकूर मला माहीत. मग ती माझ्यापाशी आली, ब्रशने माझी जाळी साफ केली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशी पुटपुटली, "गुरुवारी सांभाळ रे बाबा."

तिने मास्तरांकडे अर्धा तास मागितला.

"माग की," मास्तर म्हणाले. "कागद घे. गुरुवार, अकरा ते साडेअकरा, खाली सही."

वहिनी भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, अर्जात कारणाचा रकाना नको का? शाळेत असायचा ना तुमच्या?"

मास्तरांना ते पटलं. रकाना राहिला म्हणून त्यांना चुटपुटही लागली. त्यांनी पट्टी घेऊन एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कारण'.

आक्का पेन घेऊन बसली. मी कपाटावरून तिचा हात पाहत होतो. 'नातेवाइकांशी बोलणे' एवढे दोन शब्द लिहिले असते तरी चाललं असतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. वहिनी निवडलेली भाजी परत निवडत होत्या. त्यांना घाई नव्हती, आक्काचे नेम त्यांना ठाऊक होते. शेवटी आक्काने सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'वसतिगृहात नोकरी आणि राहण्याची सोय मिळण्यासाठी मुलाखत.'

वहिनींनी कागद उचलून वाचला. मोठ्याने वाचला.

"हे बघा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "आपल्याला सोडून चालल्या. काय कमी केलं हो आम्ही तुम्हाला? बसून खाताय ना सुखाने?"

"कमी काही नाही, वहिनी."

"मग लोकांना काय सांगायचं? बहिणीला पोसता आलं नाही म्हणून?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता ते कागद फाडतील. पण ते नियमाचे पक्के होते. त्यांनी लाल पेन घेतलं आणि अर्जावर लिहिलं : 'मंजूर.' त्याखाली : 'लहरींची ताकद मात्र किमान राहील.' सही केली, तारीख घातली आणि अर्ज फाइलला लावला.

आक्काने 'मंजूर' एवढंच वाचलं. दोन शेजारणींकडे चांगले फोन होते, मागितला असता तर कोणीही दिला असता. पण तिला वाटलं, आता काय गरज? मंजूर आहे.

गुरुवारी सकाळी समितीच्या तीन बाया घर बघायला आल्या. वहिनींनीच त्यांना अकराची वेळ दिली होती.

आक्काने प्रार्थना केली होती, केस बांधले होते, धुतलेलं पातळ नेसली होती. मागच्या खोलीत ट्रंकेवर बसून तिने फोन शिवणयंत्राला टेकवून उभा केला होता. अकराला टायमर वाजला आणि मी जागा झालो. मित्रांनो, आम्ही राउटर तुमच्यासारखे डोळे उघडताच उठत नाही. आम्हाला सावरायला दोन-तीन मिनिटं लागतात. रोज पूर्ण बंद करणाऱ्यांनी हे धरून चालावं. अधीक्षक बाईंचा फोन बरोबर अकराला आला आणि त्यांना उत्तर मिळालं नाही. माझे दिवे बंद होते, म्हणून मी अजून झोपेत आहे हेही आक्काला कळलं नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा फोन केला. या वेळी मी जागा होतो. मी होती नव्हती ती ताकद मागच्या खोलीकडे लावली. पण माझ्या ताकदीचा काटा मास्तरांच्या हातात होता. पहिली भिंत ओलांडली. कपड्यांचं लोखंडी कपाट ओलांडताना अर्धा मेलो. दुसऱ्या भिंतीपलीकडे पोहोचलं ते अगदी थोडं. आक्काला अधीक्षक बाईंचा चेहरा दिसला, पण ओठ एका जागी गोठलेले.

"नमस्कार," आक्का म्हणाली. पलीकडे पोहोचलं नुसतं "न".

ती फोन घेऊन उठली आणि माझ्या दिशेने चालू लागली. तिला वाट बरोबर कळली होती. दर पावलाला आवाज सुधारत होता. बोळ संपला आणि पुढच्या खोलीचं दार आलं. दाराला आतून कडी होती.

आत वहिनी पाहुण्यांना सांगत होत्या, "कडी घातलीय, म्हणजे मध्ये मध्ये कोणी यायला नको."

मास्तर माझ्यासमोर उभे होते. मीटर माझ्या अडॅप्टरला लावलेला होता. "बघा, तीन पूर्णांक नऊ," ते म्हणत होते. "आणि आत्ता हा कोणासाठी चालू आहे, त्याचीही नोंद आहे. हा अर्ज. ही मंजुरी."

"लेखी अर्ज!" एक बाई म्हणाली. "किती शिस्त आहे हो तुमच्याकडे!"

दारावर टकटक झाली.

"वहिनी, दार उघडता का? दोनच मिनिटं. मी कोपऱ्यात उभी राहते."

"चहा झाला का, आक्का?" वहिनींनी आतूनच विचारलं. मग पाहुण्यांकडे वळून हसल्या. "वय झालं. सारखं सोबतीला माणूस लागतं."

"वहिनी, मुलाखत चाललीय माझी."

"हो, हो. आधी चहा टाका."

दाराच्या फळीला फोन लावून आक्का उभी राहिली. अधीक्षक बाई विचारत होत्या, "रात्री एखादी मुलगी आजारी पडली, तर तुम्ही एकट्या काय कराल?" मी तो प्रश्न आणला. पण मधले शब्द फळीत, कडीत आणि काचेच्या फुलदाणीत गळाले. आक्कापर्यंत पोहोचलं, "रात्री... मुलगी... काय?"

"काय म्हणालात?" आक्काने विचारलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. आक्काने पुन्हा विचारलं, काय म्हणालात. तिसऱ्यांदा अधीक्षक बाई ओरडून बोलल्या, आणि ओरडलेलंही तुटकंच पोहोचलं. लहरी दुबळ्या असल्या की ओरडून काही उपयोग नसतो. आक्काने अंदाजाने उत्तर दिलं. "हो, मुली फार आवडतात मला." ते मात्र देवाच्या दयेने पूर्ण पोहोचलं.

पलीकडे अधीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

साडेअकराला टायमर पडला. मी आक्काच्या वाक्यात मध्येच विझलो. विझता विझता मला खोलीतल्या टाळ्या ऐकू आल्या. मीटरवरचा आकडा शून्य झाला होता आणि मास्तर पाहुण्यांना म्हणाले होते, "बघितलंत? अगदी ठोक्याला!"

आक्काने चहा केला, पाच कप आत नेऊन दिले. आता कडी काढलेली होती.

संध्याकाळी पाचला मी सुरू झालो. मास्तर माझ्याजवळ बसून क्रिकेट बघू लागले. सहाच्या सुमारास एक निरोप आला आणि आक्का बोळात इस्त्री करत होती तिथपर्यंत मी तो नेला. 'आपण प्रेमळ वाटलात. मात्र मुलींच्या सुरक्षिततेसाठी आम्हाला नीट ऐकू येणारी व्यक्ती हवी आहे. कानांवर वेळेत उपचार करून घ्यावेत, ही विनंती.'

मित्रांनो, तो निरोप पूर्ण पोहोचला. एक अक्षरही गळलं नाही. चेहरा आणि आवाज न्यायला ताकद लागते. चार ओळी न्यायला माझ्यासारख्या अर्धपोटी राउटरलाही जमतं.

आक्काचे कान इतके तिखट होते की मोरीतला नळ ठिबकू लागला, तर तिला झोपेत कळे. तिने इस्त्री उभी ठेवली आणि उत्तर लिहायला घेतलं. तिला लिहायची सवय नव्हती, एकेक अक्षर शोधावं लागे. 'मला ऐकू येते. त्या दिवशी' इथपर्यंत आली आणि खोडलं, कारण ते आजच घडलं होतं. मग 'दार बंद होते' असं लिहिलं आणि तेही खोडलं. भावाच्या घराची उणीदुणी परक्यांना लिहिणं तिच्या नेमात बसत नव्हतं. शेवटी नुसतं 'मला ऐकू येते' एवढंच ठेवलं आणि पाठवायला बोट टेकवलं. तेव्हा सात वाजून गेले होते आणि मी बंद होतो.

दुसऱ्या दिवशी पाचला ते तीन शब्द गेले. उत्तर आलं : 'जागा भरली आहे. शुभेच्छा.'

आक्काने फोन ट्रंकेत ठेवला. त्या रात्री वहिनींनी तिला आग्रहाने जास्तीचं वाढलं, असं मी ऐकलं. "खा हो, आक्का. कोणी काही म्हणतंय का तुम्हाला?"

महिनाभराने मास्तरांना पाटी मिळाली. वसाहतीचे लोक जमले, भाषणं झाली. पाटी दाराबाहेर लागली आणि ती चकचकीत ठेवायचं काम आपोआप आक्काकडे गेलं. पाटीबरोबर एक बक्षीसही होतं. समितीने खोकं उघडलं. आत नवा राउटर होता. सहा कानांचा, काळा, कोळ्यासारखा. वायरमननेच तो बसवला. मीटर लावून बघितला : पंधरा वॅट.

"वेळापत्रक लावू का याला?" त्याने विचारलं.

"छे! स्पर्धा संपली," मास्तर म्हणाले. "राहू दे चालू."

मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. आक्काने मागून घेतलं. आता मी तिच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी, कापायच्या कागदांवर वजन म्हणून बसलेला असतो. तार नाही, वीज नाही. एक वॅटही खात नाही. नव्या राउटरच्या लहरी चोवीस तास माझ्या अंगावरून जातात. दोन भिंती आणि लोखंडी कपाट त्याला कशालाच अडवत नाहीत. आक्काच्या फोनवर आता चारही रेघा भरलेल्या असतात. परवा वायरमन मोरीचा दिवा बदलायला आला, तेव्हा त्याने त्या पाहिल्या. "वा आक्का, आता मजा आहे! बोला कोणाशीही."

"हो ना," आक्का म्हणाली. ती खोटं बोलत नाही, म्हणून पुढे काही बोलली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या राउटरची वीज जरूर वाचवा. ठोकळ्यावरच्या आकड्याला भिऊ नका, मीटर लावून मोजा. नको असलेली डिस्क काढा, न लागणारी लहर बंद करा, गरम होणारा अडॅप्टर बदला, जाळीतली धूळ झटका. सगळे खरंच झोपलेले असतील तेव्हा त्यालाही झोपवा. पण त्याची ताकद कमी करण्याआधी एकदा फोन हातात घेऊन घराच्या अगदी शेवटच्या खोलीपर्यंत चालत जा आणि तिथे जे माणूस राहतं त्याला विचारा, "तुला लागतोय का?" ते हो म्हणालं, तर चालू ठेवा. कशाला लागतोय, ते विचारू नका.